बर्लिनला ग्रुपने चाललोय, पहिले चार-पाच दिवस कसे काढायचे?

निळीछत्री:
मंडळी, १ ऑक्टोबरला आमचा २२ जणांचा ग्रुप बर्लिनला उतरतोय, एका सेमिस्टरसाठी. सोबत एक मॅडम आहेत पण त्या पाचव्या दिवशी परत निघणार, म्हणजे पुढचं सगळं आमचं आम्हीच. माझं जर्मन ए-वन झालंय, पाट्या वाचता येतात, पण समोरचा भरभर बोलायला लागला की काही कळत नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर पडतेय.

भीती हरवण्याची नाहीये, खरं तर उलटी आहे. मागे एकदा कॉलेजच्या स्टडी टूरला तीन दिवस एका शहरात होतो आणि शेवटच्या दिवशी मला राहायच्या जागेपासून स्टेशनचा रस्ता सांगता येईना, कारण तीनही दिवस मी पुढच्या मुलीच्या पाठीवरची बॅग बघत चालले होते. तिच्या बॅगेला पिवळी चेन होती एवढं अजून आठवतं, रस्त्यावरचं एक दुकान आठवत नाही. इथे पाच महिने राहायचंय, तसं व्हायला नकोय. ग्रुप सोडून एकटं फिरायचं म्हटलं तर मॅडम काळजी करणार आणि बाकीच्यांना वाटणार ही स्वतःला वेगळी समजते. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा ना, आणि एअरपोर्टवरून बाहेर पडण्यापासून सांगितलंत तरी चालेल.

रात्रपाळी:
मी दोन वर्षं होतो तिथे, आलो होतो असाच ग्रुपमधून. आधी कामाचं सांगतो.

एअरपोर्ट शहराच्या हद्दीबाहेर आहे, तिकिटाच्या सी झोनमध्ये, त्यामुळे एबीसी तिकीट लागतं. एबी घेऊन बसलात आणि चेकर आला तर माणशी ६० युरो, आणि नवीन आहोत माहीत नव्हतं वगैरे कोणी ऐकून घेत नाही. स्टेशनात शिरताना गेट नाही, कुणी अडवत नाही, साध्या कपड्यातला माणूस डब्यात उठून उभा राहतो आणि कार्ड दाखवतो. कागदी तिकिटावर शिक्का नसेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून मारून घ्यायचा, शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही असंच धरतात. सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा सेमिस्टरभराचा प्रवासाचा पास, चालू होईपर्यंत पाच जणांपर्यंतचं २४ तासांचं ग्रुप तिकीट मिळतं ते घ्या, फक्त त्या पाच जणांनी एकत्रच राहायला हवं.

३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी आहे, जर्मनीच्या एकीकरणाची, १९९० पासून. दुकानं सगळी बंद. रविवारीही बंद. म्हणजे तुम्ही १ ला उतरताय तर २ ला सामान भरून ठेवा, नाहीतर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात तिथे जावं लागेल आणि तिथे त्या दिवशी अख्खं शहर आलेलं असतं.

आणि एक, फुटपाथवर लालसर फरशीचा पट्टा दिसला की तो सायकलींचा आहे. आम्ही पहिल्या दिवशी वीसेक जण मोठमोठ्या सुटकेस घेऊन नेमके त्याच पट्ट्यावर गोल करून उभे, मॅडम हजेरी घेतायत, आणि एक आजी सायकलवरून घंटी वाजवत आल्या त्यांना पाय टेकून थांबावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मला आजही तो पट्टा दिसला की पाय आपोआप बाजूला होतो.

मोगरा७१:
अगं, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी त्या दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे मुलांना घेऊन जाणारी. बर्लिनला तीनदा नेलेत. तुझं ते पिवळ्या चेनचं मला प्रत्येक बॅचमध्ये दिसतं. बावीस मुलं चालत असतात आणि रस्ता एकच जण बघत असतो, बाकीचे एकवीस त्याची पाठ बघतात. मग तो एक आजारी पडला की सगळे खोलीत बसून राहतात.

तेव्हा ग्रुप सोडू नकोस, ग्रुपच लहान करायला सांग. मी दुसऱ्या वेळेपासून चार-पाच जणांच्या तुकड्या करायला लागले आणि रोज तुकडीतला वेगळा माणूस वाट काढणार, बाकीच्यांनी मोबाईल खिशात ठेवायचा. चुकला तर चुकू द्यायचं, फक्त ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचायचं. पहिल्या दिवशी एक तुकडी पाऊण तास उशिरा आली, पण तो रस्ता त्या पाचही जणांना शेवटपर्यंत पाठ होता. ही गोष्ट तूच मॅडमना सुचव, निघायच्या आधी. त्यांनाही सोपं पडतं, बावीस डोकी मोजण्यापेक्षा पाच मोजायची.

एक नियम मात्र विमानतळावरच सगळ्यांकडून वदवून घ्या. कुणी प्लॅटफॉर्मवर मागे राहिलं तर काय करायचं. दारं बंद होताना भोंगा वाजतो, लाल दिवा लागतो आणि नंतर ती उघडत नाहीत. माझ्या पहिल्या बॅचची एक मुलगी फ्रांकफुर्टर आले स्टेशनवर अशीच राहिली. आमचं हॉस्टेल नॉयकोल्नला, आम्ही एस ४१ मध्ये, म्हणजे शहराभोवतीच्या रिंगवर गोल फिरणाऱ्या लोकलमध्ये. तिने मागून आलेली पहिली गाडी पकडली, ती होती एस ८. त्याच रुळावरून, त्याच प्लॅटफॉर्मवर येते, दोन स्टेशनं बरोबर जाते आणि ट्रेप्टोवर पार्कनंतर रिंग सोडून बाहेरच्या दिशेला वळते. तिचं सिम अजून चालू झालेलं नव्हतं. खिडकीबाहेर घरं संपून झाडी लागली तेव्हा तिला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. ती उतरली, उलटी आली, सगळं मिळून चाळीस मिनिटं गेली. ती चाळीस मिनिटं मी नॉयकोल्नच्या जिन्यावर उभी होते आणि तिच्या आईला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. चूक तिची नव्हतीच, मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून नियम असा, गाडीतले लोक पुढच्याच स्टेशनवर उतरून प्लॅटफॉर्मवर थांबणार, मागे राहिलेल्याने मागच्या गाडीने फक्त एक स्टेशन यायचं. चढण्याआधी डब्यावरचा नंबर वाचायचा. आणि राहायच्या जागेचा पत्ता कागदावर, खिशात. ११२ हा आणीबाणीचा नंबर सगळ्यांना माहीत हवा.

निळीछत्री:
ताई, तुकड्यांचं एकदम पटलं, आजच मॅडमना मेसेज केलाय. दादा, ३ ऑक्टोबरचं आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, थँक्यू. पण एकट्याने काहीच करायचं नाही का? म्हणजे पाच जणांत पण मी कदाचित चौघांच्या मागेच जाईन, माझा स्वभावच तसा आहे. आणि ते रजिस्ट्रेशनचं काय असतं, कोणी म्हणतं दोन आठवड्यांत करायलाच लागतं.

उंबरठा:
रजिस्ट्रेशनचं मी सांगते, मागच्याच वर्षी सगळं करून आलेय. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं हा कायदा आहे. घरमालकाकडून किंवा हॉस्टेलकडून सही केलेला एक फॉर्म लागतो, तुम्ही इथे राहायला आलात असा. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची आणि शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी ऑफिसात, चालते, राहता त्याच भागातलं पाहिजे असं नाही, हे न कळल्यामुळे आमच्यातले काही जण जवळच्याच ऑफिसची वाट बघत बसले. सकाळी लवकर साइट उघडून बघत राहायचं, कुणी रद्द केलेली वेळ मधेच दिसते. तारीख उशिराची मिळाली तरी घेऊन ठेवा, बुक केल्याचा मेल जपून ठेवा.

पण याहून महत्त्वाचं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं, ते म्हणजे टपालपेटीवर स्वतःचं नाव लावा. तिथे बिल्डिंगमध्ये बहुतेक फ्लॅटला नंबर नसतात, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. मी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघायचे आणि त्या पेटीवर नाव आधीच्या भाडेकरूचं. शेवटी शेजारच्या काकूंनी विचारलं की तू रोज काय शोधतेस, मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, त्या आत गेल्या आणि चिकटपट्टी, पेन आणि कागदाचा एक तुकडा घेऊन आल्या. माझं आडनाव त्यांनी एकेक अक्षर विचारून लिहिलं आणि स्वतः चिकटवलं. चार दिवसांनी कार्ड आलं. ती पट्टी लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहते. तुम्ही हॉस्टेलमध्ये असाल तर पत्रं कशी येतात ते पहिल्याच दिवशी ऑफिसात विचारून घ्या.

रात्रपाळी:
बरोबर, पेटीचं मी विसरलो होतो.

निळीछत्री, एकट्याने काय करायचं ते सांगतो. एस ४१ आणि एस ४२ या दोन गाड्या शहराभोवती गोल फिरतात, ४१ घड्याळाच्या दिशेने, ४२ उलटी. ३७ किलोमीटर, २७ स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण एक तास. कुठेही उतरायचं नाही, नुसतं खिडकीशी बसायचं. जिथून चढलीस तिथेच परत येतेस त्यामुळे हरवायची सोयच नाही, चुकून उलट्या दिशेच्या गाडीत बसलीस तरी तेच. घोषणा ऐकत राहायच्या, स्टेशनचं नाव ऐकू आलं की पाटी बघायची, माझा कान त्यानेच बसला. वेडिंगपासून ओस्टक्रॉइत्सपर्यंत डब्यातली माणसं बदलतात, भाषा बदलतात, दक्षिणेला टेम्पलहोफला जुन्या विमानतळाचं मोकळं मैदान दिसतं, २००८ साली विमानं थांबली आणि २०१० पासून लोक तिथल्या धावपट्टीवर फिरायला जातात. घरी येऊन मी कागदावर एक गोल काढला आणि आठवली तेवढी नावं लिहिली. नऊ आली. दुसऱ्या आठवड्यात एकवीस.

मोगरा७१:
हे छान आहे, हे मी पुढच्या बॅचला करायला लावणार. आणि मॅडमना सांगून जा, किती वाजता निघतेस आणि किती वाजता परत येतेस तेवढं. त्यांची काळजी तेवढ्यावर भागते, माझा अनुभव आहे.

अजून एक, चालताना खाली बघत जा. फुटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतील, त्यावर नाव, जन्मसाल आणि त्या माणसाला नाझींनी कधी आणि कुठे नेलं ते असतं, तो ज्या घरात राहायचा त्या घरासमोरच. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. ग्रुपने जाताना त्यावरून बावीस जोड बूट निघून जातात आणि कुणालाच दिसत नाहीत. मलाही पहिल्या वेळी दिसले नव्हते. दुसऱ्या वेळी एक मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच बसून राहिला, म्हणाला मॅडम इथे एकाच आडनावाचे चार आहेत, सगळ्यात लहान सहा वर्षांची. आम्ही मग त्या दिवशीचं म्युझियम अर्धंच केलं.

निळीछत्री:
वाचून थोडा वेळ काही टाइप करता येईना.

मॅडमचा रिप्लाय आला, तुकड्या करायला हो म्हणाल्यात आणि पहिल्या दिवशी वाट काढायचं काम माझ्याकडे दिलंय, मी मागितलं नव्हतं पण घेतलं. रिंगसाठी ४ तारखेची सकाळ धरलीय, नाश्त्याच्या आधी जाऊन येईन. तेव्हा किती वाजता उजाडतं कोणी सांगेल का?

उंबरठा:
त्या आठवड्यात सव्वासातच्या आसपास. जाडं जॅकेट हातातल्या बॅगेत ठेव, सुटकेसच्या तळाशी नको. प्लॅटफॉर्मवर वारं असतं.