टीबी आणि एचआयव्ही दोन्ही, गोळ्या चालू तरी वजन वाढत नाही

डिचोलीकर: भावोजींना एचआयव्ही आणि फुफ्फुसाचा टीबी एकदमच निघाला. टीबीच्या गोळ्या चालू होऊन दीड महिना होत आला, एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) पण सुरू झालीय. उंची साडेपाच फूट, वजन ४१ किलो, काटा हलतच नाही. ताप गेला, खोकला कमी झाला, पण पेजेचे चार घास खाल्ले की ताट सारतात. ताई म्हणते गोळ्या लागू पडल्यात, वजन वाढेल सावकाश. एवढं मनावर घ्यायचं का?

सासष्टी: घ्यायचंच! १८.५ बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप, याखाली म्हणजे वजन कमी) धरला तर ह्या उंचीला निदान ५२ किलो हवेत. झारखंडात टीबी रुग्णांना शिधा देऊन केलेला रेशन्स अभ्यास २०२३ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांना मरणाचा धोका साधारण ६० टक्के कमी दिसला. तिथे एचआयव्हीवाले फारसे नव्हते, पण दोन्ही असताना वजन कमी असणं जास्तच जोखमीचं. भावोजींचे ५ टक्के म्हणजे दोनच किलो हो, तेवढ्यासाठी आत्ताच मागे लागा.

पेडण्याचा: मी ह्यातनं गेलोय. माझ्या तोंडात पांढरा थर आलेला, गिळताना नुसती आग, घरच्यांना वाटायचं खायचे नखरे. बुरशीचं औषध मिळालं तेव्हा कुठे घास उतरायला लागला. टॉर्च मारून तोंड बघा त्यांचं. आणि नुसत्या पेजेनं काय होणार, सोबत अंडं, बांगडा, तारले, नाचणीचं सत्त्व द्या, दर दोन तासांनी थोडं थोडं.

नर्सताई: लघवी नारिंगी होते ती रिफॅम्पिसिन ह्या टीबीच्या औषधामुळे, घाबरू नका. पण उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, लिव्हर तपासावं लागतं. एआरटीनंतर ताप परत आला, गाठी सुजल्या तरी लगेच सांगा, मनानं गोळ्या बंद करू नका. पायांना सूज असली तर काटा वर जातो, ते वजन धरायचं नाही. आणि निक्षय पोषणचे (टीबी रुग्णांना खाण्यासाठी सरकारी मदत) महिन्याला १००० रुपये खात्यात येतात का बघितलंत? नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत, आधी ५०० होते.

डिचोलीकर: आत्ताच टॉर्च मारून बघितलं, जिभेवर पांढरं आहे! उद्या सकाळीच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेतो. पैशांचं ताईला माहीतच नाही बहुतेक.

नर्सताई: मग पासबुक आणि आधार पण घेऊन जा, टीबीच्या खिडकीवर विचारा.