पॅट मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ': यात सम कुठे शोधायची?

डग्गा_मिरज

नमस्कार मंडळी. मी तबलजी, मिरजेचा. आठवड्यातले चार दिवस शिकवण्या, उरलेले भजन-कीर्तनाला, आणि वर्षाकाठी दोन-चार बऱ्या मैफली. जॅझ हा आपला प्रांत नव्हे. भाचा पुण्यात शिकतो आणि गिटार वाजवतो. गणपतीत आला तेव्हा हेडफोन माझ्या कानावर चढवून म्हणाला, "मामा, ऐक आणि खरं सांग." पॅट मेथेनीचा 'ब्राइट साइझ लाइफ', १९७६ चा अल्बम. माणसं तीनच. मेथेनीची गिटार, जॅको पास्टोरियसचा बेस, बॉब मोझेसचे ड्रम्स.

तीन आठवडे झाले, रोज रात्री जेवण आटोपलं की ऐकतोय. कानाला गोड लागतं, नाही म्हणणार नाही. गिटारला कुठे खरखर नाही, सूर टपोरे पडतात. पण डोकं अडलंय ते अडलंयच.

पहिलंच गाणं घ्या. चार-चारच्या मात्रा आहेत, पायाने मोजता येतात. मोजल्या, पण पुढे काय? आमच्याकडे सोळा झाल्या की माणूस समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, घरी येतो. हे तिघं घरी कधी येतात तेच उमगत नाही. ड्रमवाला ठेका धरायला तयार नाही, झांजांवर नुसता शिंपडत बसलाय. आमच्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी हातावर चापट दिली असती.

आणि तो बेसवाला! ऑर्केस्ट्रात बेस म्हणजे ढुम्-ढुम् इतकंच मला माहीत. हा गृहस्थ गिटारच्या बरोबरीने बोलतो, मध्येच वर चढतो आणि चक्क मींड काढतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जातो. आमच्या गल्लीत सतारी बनतात हो. पडद्याच्या, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असलेल्या, वाद्यावर मींड हवी तर तार ओढावी लागते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हा ओढत नाहीये, घसरतोय. हे काय प्रकरण आहे?

जाणकारांनी सांगावं. मी कान भलतीकडे लावतोय का? आणि तुम्हाला स्वतःला हा अल्बम एवढा मोठा वाटतो, की नुसता नावाचा दबदबा आहे?

निव्वळ_वाचक

प्रामाणिक मत देतो, मारायला धावू नका. तीनदा लावला, तिन्ही वेळा दुसऱ्या गाण्यात डोळा लागला. वाद्यं शांत, माणसं सभ्य, कुणीही कुणावर ओरडत नाही. मला भांडण लागतं. बाकी चालू द्या, वाचतोय.

चार_तारा

मिरजकर, तुमचा कान भलतीकडे नाही. पन्नास वेळा ऐकूनही लोकांच्या लक्षात येत नाही ते तुम्ही तीन आठवड्यांत पकडलंत. त्या बेसला पडदे नाहीतच! जॅकोने आपल्या फेंडर बेसचे पडदे उपटले, खाचा बुजवल्या आणि पट्टीवर होड्यांना देतात तसला इपॉक्सीचा थर चढवला. म्हणजे सतार नव्हे, सरोद समजा. बोट सरकलं की सूर सरकतो. आणि बेसुरं होण्याची सोयही तितकीच, कारण बोट कुठे टेकवायचं हे सांगायला पडदा नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, नोकरी बँकेची आणि शनिवार-रविवार स्टेजची. आमच्या कंडक्टरचं एकच सांगणं असे, "तू जमीन धर, बाकीचं आम्ही बघतो." १९८६ साली एका मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर हा अल्बम भरून दिला. जेमतेम सदतीस मिनिटांचा, त्यामुळे एका बाजूत आख्खा मावला. दुसऱ्या बाजूला मल्लिकार्जुन मन्सूर होते. ठाणे ते व्हीटी असा रोजचा प्रवास, जाताना जॅको, येताना मन्सूर.

महिनाभराने मी पक्कड घेतली आणि माझ्या बेसचे पडदे उपटले. तेरावा पडदा पट्टीचा ढलपा घेऊनच बाहेर आला. खाचांमध्ये सुताराकडची लांबी (पुट्टी) भरली. ती आठ दिवसांत तडकली आणि तार तिच्यावर माशीसारखी गुणगुणायला लागली. थर्टी-फर्स्टचा कार्यक्रम तोंडावर, भाड्याने दुसरा बेस आणला, त्या रात्रीचं मानधन भाड्यातच गेलं. बायको अजून 'पक्कड कुठाय?' म्हणून विचारते, विनाकारण.

आता सम. तुम्ही चारवर घर शोधताय, घर लांब आहे. पहिल्या गाण्याचं एक आवर्तन बत्तीस बारचं, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. म्हणजे १२८ मात्रांनी एकदा घरी. आठ-आठ बारचे चार तुकडे पाडा आणि त्यांना अस्थायी, अस्थायी, अंतरा, अस्थायी म्हणा. शेवटची अस्थायी थोडी बदलून येते. आधी मुखडा वाजतो, मग मेथेनी त्याच १२८ मात्रांवर फिरत राहतो, मग जॅको फिरतो, मग पुन्हा मुखडा. तुमच्या भाषेत लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत फिरणारी धून, चालू आहे, फक्त तो कुणी वाजवत नाहीये. तिघांनी मनात धरलाय.

आणि तो कुणीच वाजवत नाही, यातच सगळी गंमत आहे. एरवी जॅझमध्ये मागे पियानो असतो. तो स्वरांचे झुपके टाकत राहतो, त्यावरून कळतं आपण कुठल्या खोलीत आहोत. इथे पियानो नाही. गिटारने एकेरी सुरांची ओळ धरली की झुपके टाकायला कुणी उरतच नाही. अशा वेळी साधा बेसवाला घाबरून जमीन आणखी घट्ट धरतो, मी तेच केलं असतं. जॅको उलटं करतो. मेथेनी जिथे श्वास घेतो तिथे तो वर येतो, दोन वाक्यं बोलतो, आणि नेमका वेळेवर खाली. हा ठेका नाही, साथीला बसलेला दुसरा गवई आहे.

मोझेसवर रागावू नका. जॅझमध्ये लय पायातल्या मोठ्या ढोलात कमी, उजव्या हाताच्या झांजेवर जास्त असते. भजनात टाळकऱ्याकडे कान ठेवता ना, तसा तिथे ठेवा. हा टाळकरी जरा लहरी आहे हे मान्य. मेथेनीशी त्याचं आधीपासून जमलेलं, दोघंही व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टनच्या बँडमध्ये होते.

वय बघा. रेकॉर्डिंग डिसेंबर १९७५, जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग. मेथेनी एकवीस वर्षांचा, स्वतःच्या नावावरचा पहिलाच अल्बम. जॅकोला नुकतं चोविसावं सरलेलं. पुढच्याच वर्षी तो वेदर रिपोर्ट या बँडमध्ये गेला आणि जगभर गाजला, १९८७ मध्ये पस्तिशीत गेलासुद्धा.

एक गृहपाठ. आज रात्री गिटार ऐकूच नका. पहिलं गाणं तीनदा लावा आणि फक्त बेस गुणगुणा. आणि हो, तिसरं गाणं, 'युनिटी व्हिलेज', खुशाल सोडून द्या. त्यात बेसही नाही, ड्रम्सही नाहीत, मेथेनीने स्वतःच दोन गिटारी एकावर एक भरल्यात. तिघांच्या अल्बममध्ये एकट्याने दोनदा बसण्याचं प्रयोजन मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

कॅन्ससकर

चार_तारा, तिसऱ्या गाण्याला हात लावू नका!

मी कॅन्सस सिटीजवळ राहते, अकरा वर्षं झाली. मेथेनीचं गाव लीज समिट आमच्यापासून गाडीने थोडक्यात. त्याला लागूनच युनिटी व्हिलेज नावाची खरीखुरी वस्ती आहे, युनिटी नावाच्या धार्मिक चळवळीचं मुख्यालय. एक उंच मनोरा, कारंजी, हिरवळ आणि सामसूम. पाहुणे आले की मी तिथे नेते, पाहुणे दहा मिनिटांत विचारतात "आता पुढे काय बघायचं?" पुढे काही नसतं. ते गाणं तसंच आहे. दोन गिटारी, बाकी कुणी नाही.

नावं वाचलीत तर आख्खा अल्बम मुलखाचा नकाशा आहे. मिझुरी, ओमाहा, मिडवेस्टच्या रात्री. 'अन्क्विटी रोड' तेवढा इकडचा नाही, तो बॉस्टनच्या बाजूला मिल्टनमध्ये. इथला मुलूख सपाट. रस्ता सरळ जातो, वळण येईल येईल म्हणता अर्धा तास जातो. डग्गा_मिरज यांना १२८ मात्रा लांब वाटल्या, मला त्या हायवे ७० वर रोज भेटतात.

फोंडेकरीण

माझं मत वेगळं आहे, आणि मी ते गुळमुळीत मांडणार नाही.

गिटारच्या त्रिकुटाबद्दल बोलायचं तर त्याच १९७५ सालच्या जूनमध्ये टोरोंटोत बर्बन स्ट्रीट नावाच्या क्लबमध्ये गिटारवाला जिम हॉल वाजवत होता. बेसवर डॉन थॉम्पसन, ड्रम्सवर टेरी क्लार्क. अल्बमचं नाव साधं 'जिम हॉल लाइव्ह!' हॉल तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. मुखडे सगळे जुने, लोकांच्या ओळखीचे. पण तो एक सूर लावतो आणि पुढचा लावू की नको असा विचार करत थांबतो, आणि ते थांबणं आपल्याला ऐकू येतं. थॉम्पसन जमीन धरतो. चार_तारा, तुम्ही बावीस वर्षं केलंत तेच काम, आणि त्यात कमीपणा काही नाही.

'ब्राइट साइझ लाइफ'मध्ये मला जॅको फार होतो. मेथेनीने जागा ठेवली की हा आलाच. पहिल्या ऐकण्यात चमत्कार, दहाव्याला वाटतं, बाबा, जरा त्याचं वाक्य पुरं होऊ दे. शिवाय ईसीएमचा, म्हणजे हा अल्बम काढणाऱ्या कंपनीचा, तो घुमार. मान्फ्रेड आयशर मोठा निर्माता, स्वतः बेस वाजवणारा, सगळं कबूल. पण मोझेसच्या झांजा दगडी देवळाच्या सभामंडपात वाजल्यासारख्या वाटतात. निव्वळ_वाचक यांना झोप लागते त्यात त्या घुमाराचा हात असावा.

माझे वडील फोंड्यात लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. ते म्हणत, बँडात कोण बरा हे बघायचं असेल तर कोण गप्प बसलाय ते बघ.

चार_तारा

फोंडेकरीण, वडिलांच्या वाक्याला नमस्कार. हॉलचा तो अल्बम माझ्याकडेही आहे आणि त्याबद्दल वाद नाही. स्वतः मेथेनी हॉलला गुरुस्थानी मानत आला, १९९९ मध्ये दोघांनी मिळून दोन गिटारींचा अल्बमही केला.

पण "जॅको फार होतो" हे तुम्ही पहिल्या गाण्यावरून म्हणताय. 'मिडवेस्टर्न नाइट्स ड्रीम' लावा, पाचवं, सहा मिनिटांचं. बारा तारांची गिटार हळूहळू झिरपते. जॅको तिथे किती कमी वाजवतो ते मोजा. बोटात एवढी ताकद असलेला चोवीस वर्षांचा पोरगा हात आखडता घेतोय. मला त्या वयात ते जमलं नसतं, मला तर पडदेही धड उपटता आले नाहीत.

घुमाराबद्दल मात्र हरलो. कॅसेटवर तो कळत नव्हता, हेडफोनवर कळतो.

निव्वळ_वाचक

जिम हॉल लावला. या वेळी पहिल्याच गाण्यात झोप लागली. तुलनेपुरतं सांगितलं.

डग्गा_मिरज

सगळ्यांचे आभार. गृहपाठ केला.

पहिल्या रात्री नुसता बेस धरला. गुणगुणता येईना, फार वळणं आहेत. दुसऱ्या रात्री गुणगुणणं सोडलं आणि हाताने मोजलं. आठ बारला बोटाचं एक पेर, चार पेरं झाली की आवर्तन. मुखड्यात जमलं. मेथेनीच्या पहिल्या फेरीत तिसऱ्या पेरावर चुकलो. पुन्हा लावलं. चौथ्या वेळी मी आणि तो एकदमच घरी आलो आणि तोंडातून "क्या बात है" निघून गेलं. मुलगी अभ्यास करत होती, ती दचकली.

मग चेव आला आणि थेट शेवटचं गाणं काढलं, दोन सुरावटी जोडलेलं. तिथे सगळी पेरं वाया गेली! कितीही मोजा, घरच नाही.

कॅन्ससकर, तिसरं गाणं मी सोडलं नाही. आमच्या गल्लीत दुपारी जेवणं झाली की एक कारागीर सतारीची जवारी लावत, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जुळवत, बसतो. तार छेडतो, थांबतो, कान देतो, पुन्हा छेडतो. त्याच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटलं. चार_तारा रागावणार, पण आवडलं.

त्या कारागिराला तुमची पक्कड आणि लांबीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "त्यांना म्हणावं, पडदा गरम करून मग काढायचा असतो. बेस अजून असेल तर पाठवून द्या, बघू."

चार_तारा

शेवटच्या गाण्यात तुमचं काही चुकलं नाही. ते मेथेनीचं नव्हेच, सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनचं. 'राउंड ट्रिप' आणि 'ब्रॉडवे ब्लूज'. कोलमनने ही दोन्ही १९६८ मध्ये वाजवली तेव्हाही मागे पियानो नव्हता. मुखडा संपला की बांधलेलं आवर्तन सुटतं, ज्याने त्याने एकमेकांच्या तोंडाकडे बघून चालायचं. तिथे पेरं मोजू नका, मोझेसकडे बघा.

बेस माळ्यावर आहे. त्यांना विचारा, पार्सलने पाठवला तर मान वाकते का. नाहीतर दिवाळीनंतर महालक्ष्मी एक्सप्रेसने मीच घेऊन येतो.