ऑटोकॅडमध्ये डायमेन्शनचे आकडे मीटरमध्ये आणि पॉइंटनंतर दोन घरं असे हवेत, काही आकडे बदलतच नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते, म्हणजे ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे काढते. डायमेन्शन म्हणजे नकाशावर दाखवलेलं माप. दुसऱ्या ऑफिसकडून एक घराचा प्लॅन आलाय, पूर्ण मिलिमीटरमध्ये काढलेला, पण खोल्या मुळात फुटात ठरवलेल्या त्यामुळे १० फुटाची खोली ३०४८ अशी दिसते. आता नगरपालिकेत द्यायच्या प्रिंटवर सरांना सगळे आकडे मीटरमध्ये पाहिजेत, आणि पॉइंटनंतर बरोब्बर दोन घरं, म्हणजे ३.६०, ०.२३, ३.०० असे.

डिमस्टाईलमध्ये (डायमेन्शन कसं दिसायचं ते ठरवणारी सेटिंग) जाऊन प्रायमरी युनिट्सच्या टॅबमध्ये स्केल फॅक्टर ०.००१ केला, प्रिसिजन दोन घरांची केली. तर ३६०० चं झालं ३,६ म्हणजे पॉइंटच्या जागी कॉमा आणि शेवटचं शून्य गायब, ३००० चं तर नुसतं ३ राहिलं. युनिट्स कमांडमधली प्रिसिजन पण बदलून बघितली, डायमेन्शनवर त्याचा काहीच परिणाम नाही.

त्यात परत जिन्याच्या बाजूची डायमेन्शन्स अजून ३६०० अशीच आहेत, हलतच नाहीत. आणि एकदोन ठिकाणी ३,०४८ असं आलंय, हे मीटर समजायचं का मिलिमीटर, साइटवर कुणीही तीन हजार अठ्ठेचाळीसच वाचणार. एकेक आकडा हाताने टाईप करायची माझी अजिबात इच्छा नाही कारण उद्या भिंत सरकली तर आकडा जुनाच राहील. नीट पद्धत कोणी सांगेल का? प्रिंट परवा द्यायची आहे.

प्रतिसाद १

ताई, हाताने टाईप करू नकोस हे अगदी बरोबर. तुझी फाईल आयएसओ-२५ स्टाईलवर आहे, त्या स्टाईलमध्ये डेसिमल सेपरेटर मुळातच कॉमा असतो आणि ट्रेलिंग झिरो, म्हणजे पॉइंटनंतरची शेवटची शून्यं, दाबलेले असतात, म्हणून हे सगळं होतंय. त्याच प्रायमरी युनिट्सच्या टॅबमध्ये डेसिमल सेपरेटरला पिरियड निवड, आणि खाली झिरो सप्रेशनमध्ये ट्रेलिंगवरची टिक काढ, लीडिंगवर (पॉइंटच्या आधीचं शून्य) असेल तर ती पण काढ, नाहीतर ०.२३ चं नुसतं .२३ होईल आणि झेरॉक्समध्ये तो टिंब उडाला की संपलंच. कमांड लाईनवरून करायचं तर डिमझिन (शून्यं दाबणं) शून्य, डिमडेक (पॉइंटनंतरची घरं) दोन, डिमएलफॅक (स्केल फॅक्टर) ०.००१.

फक्त हे मूळ स्टाईलमध्ये करू नकोस. न्यू करून सबमिशन नावाची वेगळी स्टाईल बनव, मूळची मिलिमीटरची तशीच राहू दे, वर्किंग ड्रॉइंगला लागेल. युनिट्स कमांडचा आणि डायमेन्शनचा संबंध नाही, ती खालचे कोऑर्डिनेट्स आणि प्रॉपर्टीजमधले आकडे कसे दिसायचे तेवढंच ठरवते.

३,०४८ वाल्यांना बहुतेक कोणीतरी एकट्याला वेगळी प्रिसिजन दिलेली आहे, स्टाईल बदलली तरी ते ऐकत नाहीत. डिमओव्हरराईड कमांड दे, क्लिअर म्हण, ती डायमेन्शन्स सिलेक्ट कर, मग नवीन स्टाईल लाव.

प्रतिसाद २

जिन्याकडच्या ३६०० चं वेगळं आहे असं वाटतं. एक डायमेन्शन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराईडच्या चौकटीत बघा, तिथे ३६०० टाईप केलेलं सापडलं तर तो आकडा मोजलेला नाही, लिहिलेला आहे. वरच मेजरमेंटमध्ये खरं माप दिसतं. चौकट रिकामी केली किंवा तिथे <> टाकलं की खरा आकडा परत येतो. फुल ऑटोकॅड असेल (एलटी ही छोटी आवृत्ती नव्हे) तर एक्स्प्रेस टूल्समधली डिमरीअसोक हेच काम एकदम अनेकांवर करते.

पण पुसायच्या आधी दोन्ही आकडे जुळतात का ते बघाच. लिहिलेला ३६०० आणि मोजलेला ३४५० असला तर कोणीतरी भिंत न सरकवता नुसता आकडा बदललाय, यातला खरा कोणता हे सरांनीच सांगायला पाहिजे. जिन्यात तर पायऱ्यांचा हिशोबच त्यावर असतो.

आणखी एक, प्रिंट द्यायची असेल तर स्केल फॅक्टर पुरे. ऑनलाईन छाननीला फाईल जाणार असेल आणि तिथे ड्रॉइंग मीटरमध्ये मागितलं असेल तर हे चालणार नाही, कारण स्केल फॅक्टरने फक्त दिसणारा आकडा बदलतो, रेघ आतून ३६०० युनिटचीच राहते आणि सॉफ्टवेअर रेघच मोजतं. त्यासाठी वेगळी कॉपी करून सगळं ड्रॉइंग ०.००१ ने स्केल करावं लागेल आणि स्टाईलमधला फॅक्टर परत १ करावा लागेल.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार! कॉमा गेला, शून्यं आली, जिन्यात खरंच टाईप केलेले आकडे निघाले आणि त्यातला एक जुळत नाहीये, तो सरांना दाखवते. फाईल ऑनलाईन जाणार नाही, प्रिंटच आहे.

आता नवीनच प्रश्न. एका ओळीत १० फुटाची तीन मापं आहेत, प्रत्येकी ३.०५ दिसतं, बेरीज ९.१५ होते पण एकूण डायमेन्शन ९.१४ दाखवतं. राउंड ऑफ वापरून जुळवू का?

प्रतिसाद २

नका जुळवू. खरं माप ३.०४८, तिनाचे ९.१४४, दोन घरांत राउंड झालं की एक सेंटिमीटरचा फरक दिसणारच, ड्रॉइंग चुकलेलं नाही. राउंड ऑफमध्ये ०.०५ टाकलंत तर आख्ख्या ड्रॉइंगचे आकडे पाचाच्या पटीत सरकतील, ०.२३ ची भिंत ०.२५ दाखवायला लागेल. सरांना विचारून एकतर तीन घरं दाखवा, ३.०४८ आणि ९.१४४, तिथे बेरीज जुळते, किंवा मग खोल्याच ३०५० च्या करून घ्या. मला विचाराल तर दुसरं जास्त बरं, पण ते डिझाईन बदलणं आहे, प्लॉटच्या हद्दीपासूनची अंतरं परत तपासावी लागतील.

धागाकर्ती

समजलं, सरांशी बोलते. मिस्त्रींसाठी फूट-इंचाचा सेट पण याच फाईलमधून काढता येईल का?

प्रतिसाद १

येईल की. मिलिमीटरच्या मूळ स्टाईलची अजून एक कॉपी कर, अल्टरनेट युनिट्सचा (शेजारी दुसऱ्या मापातला आकडा दाखवणारा) टॅब चालू कर, फॉरमॅट आर्किटेक्चरल म्हणजे फूट-इंच, मल्टिप्लायर ०.०३९३७, प्रिसिजन अर्ध्या इंचाची. ३०४८ च्या शेजारी चौकटी कंसात १० फूट येईल, जागा कमी पडली तर बिलो प्रायमरी व्हॅल्यू निवड म्हणजे खाली जाईल. मिस्त्रींना १० फूट ० इंच असं पूर्ण लिहिलेलं लागत असेल तर त्याच टॅबमधली शून्य इंचवरची टिक काढून टाक.