चार नगरसेवक, पण चेंबरचं झाकण कोणाचं?

परळकर: आत्ताच मुंबईहून पुण्यात कोथरूडला आलोय. तिकडे 227 वॉर्ड, प्रत्येकी एक नगरसेवक. शिव्या कोणाला घालायच्या ते पक्कं. इथे एका प्रभागात चार! कोपऱ्यावरचं चेंबर उघडं आहे, कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीये. 'अ'वाले म्हणतात 'क'ला भेटा, 'क'वाले लग्नात. नेमकं गाठायचं कोणाला?

पेठकरकाकू: अहो, चौघांनाही. अ-ब-क-ड ही फक्त जागांची नावं, आरक्षणासाठी. गल्ल्या वाटून घेतात ती त्यांची आपसातली सोय. मतं आपण चारही दिलीत ना? 2012 ला दोनाचा प्रभाग होता, 2017 ला चाराचा झाला, तेव्हापासून ही टोलवाटोलवी. पण झाकणाला नगरसेवक कशाला? महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्क्याशिवाय हलू नका, साहेब जेवायला गेले असले तरी.

निवांत_नाना: काकूंशी सहमत. फूटपाथ, बाकडी असली कामं सहभागी अंदाजपत्रकात (पालिकेच्या बजेटसाठी नागरिक कामं सुचवतात ते) सुचवा, तो अर्जही तिथेच. आणि ती फांदी काढू नका हो, रात्री तेवढीच दिसते.

परळकर: उद्याच जातो. पोच मिळाली की फोटो टाकतो.