फ्रिंकमध्ये पंपाची एचपी काढताना ‘कन्फॉर्मन्स एरर’ का येतो?

विहीरकाठ: सेकंदाला १० लिटर पाणी, एकूण हेड (पाणी चढवायची उंची) ८० फूट. फ्रिंक या युनिटांसह गणित करणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत असं टाकलं (युनिटची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप इंग्रजी स्पेलिंगमध्येच केली आहेत):

(१० लिटर/सेकंद) ८० फूट वॉटर -> हॉर्सपॉवर

उत्तराऐवजी कन्फॉर्मन्स एरर (दोन्ही बाजूंची परिमाणं जुळत नाहीत, असा) येतो. डावी बाजू म्हणे ‘मोमेंटम’ (संवेग). युनिटं तर सगळी बरोबर आहेत. दुसरं, १४४० आरपीएमचे हर्ट्झ १५०.८ येतात. २४ यायला हवेत ना?

दशांश: युनिटं बरोबर आहेत, सूत्र अर्धवट आहे. फ्रिंकमध्ये ‘वॉटर’ म्हणजे नुसती घनता, घनसेंटिमीटरला १ ग्रॅम. घनता, प्रवाह आणि उंची यांचा गुणाकार किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो, म्हणून मोमेंटम. एररच्या खालची ‘सजेशन’ची ओळ वाचा, डाव्या बाजूला अ‍ॅक्सिलरेशनने गुणा असं तिथे लिहिलेलं असेल. राहिलेला g (गुरुत्वाकर्षणाचं अ‍ॅक्सिलरेशन) तो हाच:

(१० लिटर/सेकंद) ८० फूट वॉटर ग्रॅव्हिटी -> हॉर्सपॉवर

उत्तर ३.२१. ही पाण्याला मिळणारी पॉवर झाली. पंपाची एफिशियन्सी ६० टक्के धरली तर ०.६ ने भागा, ५.३४ येतात, म्हणजे ५ एचपीची मोटर कमी पडेल. पाइपातलं घर्षण ८० फुटांत धरलेलं नसेल तर आणखीच.

जीएनयू युनिट्स या युनिट बदलणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये हीच ओळ चालवू नका. तिथल्या ‘वॉटर’मध्ये g आधीच गुणलेला असतो.

गुंठेवारी: आरपीएमचा घोळ जास्त वाईट, कारण तिथे एररच येत नाही. फ्रिंकमध्ये रेडियनला परिमाण नाही, तो नुसता १. एक फेरा म्हणजे २ पाय (२π, ६.२८), आणि आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. त्यामुळे हर्ट्झमध्ये बदलताना २४ ला ६.२८ ने गुणलेलं मिळतं. फेऱ्यांची वारंवारता हवी असेल तर आरपीएम लिहूच नका:

१४४०/मिनिट -> हर्ट्झ

हे बरोबर २४ देतं. उलट टॉर्क (फिरवण्याचा जोर) काढताना आरपीएमच हवा:

५ हॉर्सपॉवर / (१४४० आरपीएम) -> न्यूटन मीटर

२४.७ येतात. कंस मात्र सोडू नका. आणि टॉर्क चुकून ज्यूलमध्ये मागितला तरी फ्रिंक हूं की चूं करणार नाही, परिमाण एकच आहे.

विहीरकाठ: ग्रॅव्हिटी घातल्यावर चाललं. एकराला एक इंच पाणी द्यायला किती वेळ, हेही याच पद्धतीने निघेल का? आणि गुंठा ओळखत नाहीये.

गुंठेवारी: गुंठा स्वतः सांगा, ‘गुंठा := ३३ फूट ३३ फूट’. कोलन विसरू नका. नुसत्या बरोबरच्या चिन्हाने व्हेरिएबल बनतं, युनिट नाही. वेळेसाठी:

४० गुंठा इंच / (१० लिटर/सेकंद) -> ["तास", "मिनिट", "सेकंद"]

कंसातली नावं अवतरणात, इंग्रजीत. २ तास ५१ मिनिटं १९ सेकंद. गॅलनमध्ये डिस्चार्ज दिला असेल तर जपून, नुसता ‘गॅलन’ अमेरिकन, ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ चा.