मदत हवी आहे: ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी गिऱ्हाइकानं बोलावलंय, बोलणी कशी करावीत?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन), त्यातल्या एकावर फोर्थ अ‍ॅक्सिस (जॉब फिरवणारा चौथा अक्ष), मी, धाकटा भाऊ आणि नऊ कामगार. आजवर ड्रॉइंग आलं, दर दिला, जॉब (मशीनवर करायचा भाग) करून चलनावर परत पाठवला, एवढाच गिऱ्हाइकाशी संबंध. आता चाकणच्या एका कंपनीनं (नाव लिहीत नाही) नव्या मोटर हाउसिंगसाठी (मोटरच्या बाहेरच्या कवचासाठी) डिझाइन चालू असतानाच आमच्याबरोबर बसायचं ठरवलंय. ‘तुम्ही आता आमचे पार्टनर,’ असं त्यांच्या डिझाइनच्या मॅडम म्हणाल्या. फार बरं वाटलं. पण धास्तीही आहे, कारण याच कंपनीच्या मागच्या हाउसिंगमध्ये आम्ही चांगलेच पोळलोय.

तो जॉब एलएम२५ या ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, टी६ (कडक करायची उष्णता प्रक्रिया) केलेला. कास्टिंग (ओतलेला कच्चा भाग) त्यांचं, मशीनिंग आमचं. बेअरिंगचं बोअर (भोक) ८० मिमीचं, एच७, म्हणजे मापात शून्य ते +३० मायक्रॉन एवढीच सूट, आणि भोवतीची भिंत जेमतेम ५ मिमी. फिक्श्चरवर (जॉब पकडायच्या साच्यावर) असेपर्यंत बोअर अगदी गोल. क्लॅम्प सोडला की ओव्हल. मी स्वतः डायल गेज लावून बोल्ट हळूहळू ढिला केला, तर पाव फेरीतच काटा १४ मायक्रॉन सरकला. मग रफिंग (आधीचा जाड कट) करून जॉब सोडायचा, थंड होऊ द्यायचा, टॉर्क रेंचनं हलकेच पुन्हा पकडायचा आणि मग फिनिश कट, असं बसवलं. सायकल १४ मिनिटांवरून १९ वर गेली. दर तोच राहिला.

मॅडमना शॉपवर बोलावून डायलचा काटा दाखवला. बेअरिंग सीटच्या खाली कास्टिंगलाच तीन पॅड दिले, तर क्लॅम्पचा जोर भिंतीवर न येता थेट पॅडवर बसेल, हे त्यांना दोन मिनिटांत पटलं. पण डाय (कास्टिंगचा साचा) बदलायचा खर्च कुणी करायचा यावर खरेदी विभागात गाडं अडलं आणि ड्रॉइंगची रिव्हिजन काही आली नाही.

पुढं मे महिन्यात ६२ जॉब परत आले. आमच्या बोअर गेजवर +१० ते +१२ दाखवत होते, त्यांच्या सीएमएमवर (अचूक मापं घेणारं मोठं यंत्र) -५ ते -७. माल पोचल्यावर दोन महिन्यांनी डेबिट नोट (आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद) आली, तीही कास्टिंगची किंमत धरून. आणि सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. विश्वासानं मेलवर पाठवलेलं आमचं प्रोसेस शीट (कामाच्या पायऱ्या आणि टूल लिहिलेला कागद) दुसऱ्या शॉपला गेलं. कळलं कसं, तर त्या शॉपमधल्या पोरानं मलाच फोन करून विचारलं, ‘साहेब, ऑपरेशन ३० चा बोअरिंग बार कुठून घेतलात?’

तरी मला हे काम हवंय. पॅड कुठं हवेत, कुठली भिंत थरथरेल, कुठल्या कोपऱ्यात टूल पोचणार नाही, हे आम्हाला दिसतं, आणि डाय बनायच्या आधी सांगितलं तरच त्याचा उपयोग. पण या सल्ल्याचे पैसे मागायचे का, आणि कशाच्या हिशेबानं? फिक्श्चर कुणाच्या मालकीचं? कास्टिंगमध्ये ब्लो होल (आतल्या हवेच्या पोकळ्या) निघाले तर आमचे मशीनचे तास कोण देणार? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद (गेजरूम)

आधी त्या ६२ जॉबचं बघू. मे महिन्यात तुमच्या शॉपमध्ये जॉब ३८ अंशाला असणार, सीएमएम रूम २० ला. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागं साधारण २३ मायक्रॉन फुगतं, स्टील साडेअकरा. तुम्ही गेज ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या रिंगवर सेट करता. रिंगही तापलेली असते, पण ती निम्मीच फुगते. ८० मिमीवर १८ अंशांचा फरक धरला की १६-१७ मायक्रॉन जातात. तुमचे +११ तिकडं उणे पाच-सहा दिसणारच. तुमचा ऑपरेटर चुकलेला नाही. त्याच कास्टिंगचा एक जॉब सीएमएमवर मोजून घ्या, त्यावर माप लिहा आणि तोच मास्टर म्हणून मशीनशेजारी ठेवा. धातू एकच असला की मास्टर आणि जॉब सारखेच फुगतात, मात्र दोन्ही एकाच तापमानाला हवेत. कटमधून निघालेला जॉब लगेच मोजू नका. नव्या जॉबच्या वेळी मोजायची पद्धत आणि तापमान दोघांनी मिळून लिहून सही करा, ड्रॉइंगच्याही आधी.

प्रतिसाद (पूर्वी खरेदीत होतो)

दादा, मी वीस वर्षं टेबलाच्या पलीकडं बसलोय म्हणून स्पष्ट सांगतो. डिझाइनवाले मनापासून पार्टनर म्हणतात, पण खरेदीवाल्याला फक्त पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) दिसते. जे पीओत नाही ते झालंच नाही असं समजा. डिझाइनच्या कामाची वेगळी पीओ मागा, तासाच्या दरानं, प्रोग्रॅमिंग आणि ट्रायलसकट. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ‘फुकट’ हा शब्द नको. फिक्श्चरचीही वेगळी पीओ घ्या. त्यांनी पैसे दिले तर फिक्श्चर त्यांचं. जॉबच्या दरात वळतं करायचं असेल, तर किती नगांवर ते लिहा आणि तितके नग उचलले नाहीत तर उरलेली रक्कम कधी देणार तेही लिहा.

कास्टिंग रिजेक्शन आणि मशीनिंग रिजेक्शन वेगळं धरा. ब्लो होल ज्या ऑपरेशनला उघडा पडला तिथपर्यंतचं मशीनिंग त्यांच्या खात्यावर. म्हणून बोअरचं रफिंग पहिल्याच सेटिंगला घ्या, म्हणजे खराब कास्टिंगवर तुमचे तास वाया जाणार नाहीत.

गुप्ततेचा करार दोन्ही बाजूंनी बांधणारा हवा. कंपन्यांचा छापील नमुना बहुधा फक्त त्यांचीच माहिती झाकतो. पॅडचं स्केच द्या, ते डिझाइनमध्ये जाणारच आहे. फीड, स्पीड, टूलची यादी मात्र स्वतःकडं ठेवा.

प्रतिसाद (उद्यम)

तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ प्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. दोन महिन्यांनी आलेल्या डेबिट नोटला हा मुद्दा लावून लेखी उत्तर द्या, आधी सल्लागाराला दाखवून. पैसे देण्याची मुदतही करारानं ४५ दिवसांपुढं नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून आयकराच्या नियमामुळं (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) मुदत चुकली तर त्यांना तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा मिळतो, त्यामुळं त्यांचे अकाउंटवाले आता मुदतीकडं बघतात.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एक जुना जॉब ओळखीच्या सीएमएम रूममध्ये रात्रभर ठेवला. काल दुपारी आमच्या गेजवर +११ होता, आज सकाळी तिथं -४. कागद घेऊन आलो आणि बोअरिंगवर असणाऱ्या ऑपरेटरला आधी दाखवला. डेबिट नोट आल्यापासून तो मान खाली घालून काम करत होता.

सोमवारी मीटिंग आहे. पॅडचं स्केच, मापाच्या पद्धतीचं एक पान आणि डिझाइन, फिक्श्चर आणि मशीनिंग अशा तीन वेगळ्या पीओंची मागणी घेऊन जातोय. दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या गुप्तता कराराचा मराठी किंवा इंग्रजी मसुदा कुणाकडं असेल, तर रविवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.