मदत हवी आहे: लॅटिन 'फेरो'ची रूपे एकमेकांशी जुळत का नाहीत?

लॅटिन_शिकतेय
'सेर्वुस एपिस्तुलम अत्तुलित, सेद पेकूनिया अब्लाता एस्त' या वाक्यावर अडले आहे. कोशात 'अत्तुलित' नाही आणि 'अब्लाता'ही नाही. दोन्ही रूपे 'फेरो'पासून निघालेली आहेत म्हणे! आणि 'तो नेतो' याला 'रेगित'च्या ('तो राज्य करतो') धर्तीवर 'फेरित' का चालत नाही?

धातुपाठ
आधी मराठीतला 'जातो' आणि 'गेला' पाहा. एक संस्कृत 'या'चा, दुसरा 'गम्'चा, पण आपण ते एकच क्रियापद मानतो. इथेही तसेच आहे. मुख्य रूपे चार: फेरो (मी नेतो), फेर्रे (नेणे), तुली (मी नेले), लातुम ('नेलेला' अशी रूपे ज्यावरून होतात ते). अर्थ नेणे, आणणे, सोसणे.

'फेर' म्हणजे संस्कृतातला 'भृ'. शब्दाच्या सुरुवातीचा मूळ 'भ' लॅटिनमध्ये 'फ' होतो, जसे भ्राता आणि फ्रातेर. 'तुली' आणि 'लातुम' मात्र उचलणे या अर्थाच्या दुसऱ्या धातूची, 'तुला' (तराजू) ज्यातून आला त्याच धातूची. 'लातुम' पूर्वी 'त्लातुम' होते, पुढचा 'त' गळाला.

वर्तमानकाळ: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. प्रत्यय 'स' किंवा 'त'ने सुरू झाला की मधला 'इ' येत नाही, एवढाच अनियमितपणा. 'फेर्रे' हे मुळात 'फेर्से', त्यातल्या 'स'चा 'र' झाला. कर्मणीत फेर्रिस, फेर्तुर. आज्ञार्थ नुसता 'फेर'. बाकी फेरेबम (मी नेत होतो) वगैरे तिसऱ्या गणाप्रमाणेच, म्हणजे 'रेगित'च्या गटातल्या क्रियापदांसारखेच.

'फेरित' असा शब्द आहे, पण तो 'फेरिओ'चा: 'तो प्रहार करतो'. म्हणून ही चूक डोळ्यांना खटकत नाही आणि अर्थ मात्र पार बदलतो.

उपसर्ग
कोशात शोधताना आधी उपसर्ग सोडवा. तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो, खरी अडचण तिथेच आहे. 'अद' (कडे) धरून: अफ्फेरो, अत्तुली, अल्लातुम, म्हणजे आणणे. 'अब' (पासून दूर) धरून: अउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम, म्हणजे हिरावून नेणे. तुमचे वाक्य: दासाने पत्र आणले, पण पैसे कोणीतरी नेले. 'कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम' (एकत्र आणणे, तुलना करणे) आणि 'रेफेरो, रेत्तुली, रेलातुम' (परत आणणे, सांगणे) ही दोनही पाठ करा, वाचनात सतत भेटतात.

वाचताना 'र' मोजा. 'फेरेत' म्हणजे 'तो नेईल', 'फेर्रेत' हा अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव्ह (इच्छा, शक्यता अशा अर्थांचे रूप). 'फेरम' एकटे दिसले तर वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय ठरवू नका: ते 'मी नेईन' असेल, वर्तमान सब्जंक्टिव्ह असेल, किंवा 'फेरा' (रानटी जनावर) या नामाची द्वितीयाही असेल.

लॅटिन_शिकतेय
आता कोशात सापडले, धन्यवाद! मग 'लेगेम तुलित' म्हणजे 'कायदा नेला'?

धातुपाठ
नाही, 'कायदा मांडला'. रोमन सभेपुढे प्रस्ताव ठेवण्याचा हा ठरलेला शब्दप्रयोग. 'एग्रे फेर्रे' म्हणजे मनाला लागणे. आणि कर्ता नसलेले 'फेरुन्त' दिसले, सोबत द्वितीया आणि तुमन्तासारखे ('-णे' अर्थाचे) रूप असले, तर 'असे म्हणतात' घ्या: 'होमेरुम काएकुम फुइस्से फेरुन्त', होमर आंधळा होता असे म्हणतात.